शेवटच्या रांगेतली खुर्ची



यंदाच्या व्याख्यानाचे निमंत्रण देताना चिटणिसांनी मला विषय विचारला. मी म्हटले, "लघवीच्या तक्रारी." फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपले साहित्याचे मंडळ आहे, बायकामुले येतात. जरा दुसरे काही बघता का?" मी म्हटले, "बरे, मग 'अन्य व्याधींमुळे उद्भवणारे मूत्राशयाचे विकार' असे छापा. संस्कृत शब्द घातला की विषय सोवळ्यात येतो." ते हसले आणि पत्रिका तशीच छापली गेली. पण आता तुम्ही समोर बसला आहात, तर मी 'लघवी' असेच म्हणणार आहे. दवाखान्यात चाळीस वर्षे हाच शब्द वापरत आलो. तोही किती अडखळत वापरला जातो, हे मी पाहिले आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करतो, कारण हे शब्दांचे घर आहे. आपल्या आज्या 'बाहेर जाऊन येते' म्हणत. गुजराती शाळेत शिकलेली आपली मुले एक बोट वर करून 'एकी जाऊ?' असे विचारत आणि घरी मराठीतही तेच म्हणत. पुस्तकी भाषेत 'लघुशंका' आहे. 'लघु' म्हणजे लहान आणि 'शंका' म्हणजे मनात उठलेली जाणीव, हुरहूर. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याला शरीर चांगले कळत असावे. लघवी लागणे ही खरोखर मनात उठणारी एक शंकाच आहे. आत्ता जाऊ की थोडे थांबू, एवढाच तिचा विषय असतो. निरोगी माणसाला ती दिवसातून सात-आठ वेळा येते आणि मिटते. ती मिटेनाशी झाली की माणूस डॉक्टरकडे येतो. खरे म्हणजे येत नाही, आणि म्हणूनच आजचे व्याख्यान.

प्राग शहरात 1601 साली टायको ब्राहे हा थोर खगोलशास्त्रज्ञ एका मेजवानीला गेला होता. यजमानांच्या आधी उठणे शिष्टाचाराला धरून नाही म्हणून तो लघवी दाबून बसून राहिला. घरी गेल्यावर त्याला लघवी होईना आणि अकरा दिवसांनी तो वारला. मृत्यूच्या नेमक्या कारणाबद्दल विद्वानांचा वाद आहे, 2010 मध्ये त्याचे अवशेष पुन्हा उकरून तपासले गेले, ते असो. पंगतीतून उठायला लाजणारा माणूस मात्र आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिले आणि त्यापायी खटले अंगावर घेतले. 1934 मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले होते. मराठीत हे बोलण्याची परंपरा आहे, आपणच ती विसरलो. आणि आपल्या शेजारच्या भदेली गावचे मोरारजीभाई देसाई तर पंतप्रधान असताना या विषयावर परदेशी वार्ताहरांशीही मोकळेपणाने बोलले. त्यांच्या शिवांबूच्या उपचाराला वैद्यकाचा आधार नाही. त्यांचा मोकळेपणा मात्र घेण्यासारखा होता.

आता मुद्द्यावर येतो. लघवीची तक्रार म्हटली की पुरुषाच्या बाबतीत आपण प्रोस्टेट म्हणतो, बाईच्या बाबतीत 'इन्फेक्शन' म्हणतो आणि दोन्ही नसेल तर 'वय झाले' म्हणतो. ही कारणे असतातच, आणि ती पाहायला मूत्ररोगतज्ज्ञ आहेत. पण माझ्यासारख्या साध्या फिजिशियनकडे येणाऱ्या कितीतरी रोग्यांमध्ये मूत्राशय स्वतः निर्दोष असते. आजार हृदयात असतो, मेंदूत असतो, मणक्यात असतो, रक्तातल्या साखरेत असतो, कधी गोळ्यांच्या डबीत असतो, तर कधी गुडघ्यात. मूत्राशय फक्त तक्रार करते. घरात चोरी दुसऱ्यानेच करावी आणि आळ मोलकरणीवर यावा, तसे या अवयवाचे आहे.

त्याचे काम थोडक्यात सांगतो. मूत्राशय ही ओटीपोटातली स्नायूंची पिशवी. मूत्रपिंडातून थेंब थेंब लघवी तिच्यात उतरत असते, दिवसरात्र मिळून साधारण दीड ते दोन लिटर. दीडदोनशे मिलिलिटर जमले की पहिली जाणीव होते, चारपाचशेला पिशवी भरते. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकातून निघणाऱ्या नसा 'भरले' असा निरोप वर पाठवतात. मेंदूच्या देठात एक केंद्र आहे, तिथून पिशवीला आकुंचन पावण्याचा आणि तोंडाला सैल होण्याचा हुकूम एकाच वेळी सुटतो. बॅरिंग्टन या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1925 मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून हे केंद्र दाखवून दिले. पण हुकूम केव्हा सोडायचा याची परवानगी त्याहून वरून, कपाळामागच्या मेंदूतून येते. तान्ह्या बाळात ही परवानगीची व्यवस्था तयार झालेली नसते, म्हणून ते भरेल तसे करते. दोनचार वर्षांचे मूल ही व्यवस्था शिकते. म्हातारपणी किंवा आजारात तीच व्यवस्था ढिली होते. म्हातारा माणूस 'लहान मुलासारखा झाला' असे आपण म्हणतो, त्यात शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही तथ्य आहे.

तेव्हा तक्रार आली की चार प्रश्न विचारायचे. लघवी जास्त तयार होते आहे का? निरोप नीट पोचतो आहे का? पिशवीवर दुसऱ्या कशाचा दाब किंवा औषधाचा अंमल आहे का? आणि माणसाला वेळेत संडासापर्यंत पोचता येते का? याच क्रमाने जाऊ.

पहिला प्रश्न. जास्त लघवी म्हटले की मधुमेह. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. गोड लघवीला मुंग्या लागतात, हेही त्यांना ठाऊक होते. युरोपात टॉमस विलिसने सतराव्या शतकात मधुमेह्याच्या लघवीची गोडी नोंदवली आणि लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने 1776 मध्ये ती गोडी साखरेची आहे हे सिद्ध केले. यामागचे कारण सोपे आहे. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडे ती पुरती परत शोषू शकत नाहीत. साखर लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. चंदी पडव्याला घारी खाऊन दुसऱ्या दिवशी 'लघवीला फार होते' म्हणणारे रोगी मला दरवर्षी भेटतात. त्यांची तपासणी प्रोस्टेटपासून नव्हे, रक्तापासून सुरू करावी लागते. एक नवी गोष्टही लक्षात ठेवा. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' येते, ती मधुमेहाची औषधे साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारातही ती आता दिली जातात. औषधे चांगली आहेत, पण ती घेणाऱ्याला लघवी वाढणारच आणि कधी त्या जागी बुरशीची खाजही होणार. हे आधी सांगितले नाही तर माणूस घाबरतो आणि गोळी बंद करतो.

दुसरे कारण रात्रीचे. दिवसा काही त्रास नाही, पण रात्री चार-पाच वेळा उठावे लागते. अशा माणसाचे पाय बघा. दिवसभर उभे राहून किंवा खुर्चीत बसून पायांत पाणी साठते. रात्री आडवे झाले की ते पाणी रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते गाळतात. हृदय कमजोर असेल तर हे फार होते. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या गोळीने पाय सुजतात, आणि आपल्या मंडळात ती गोळी घेणारे कमी नसावेत. तेव्हा रात्रीच्या लघवीचे मूळ पायाच्या घोट्यापाशी सापडते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर झोपेचे खोबरे व्हायचेच. ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारून घ्या. पाय सुजत असतील त्यांनी दुपारी तासभर पाय उंच करून पडावे, म्हणजे ते पाणी दिवसाच निघून जाते.

आणखी एक कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल, ते म्हणजे घोरणे. झोपेत श्वास अडतो, तेव्हा छातीतला ताण वाढून हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि त्यांतून लघवी वाढवणारा एक स्राव सुटतो. हृदय हा नुसता पंप नाही, ती एक ग्रंथीही आहे, हे कॅनडात काम करणाऱ्या आडोल्फो द बोल्ड यांनी 1981 मध्ये दाखवले. घोरणाऱ्या नवऱ्याला रात्री तीनदा उठावे लागते आणि सकाळी तो पेढीवर डुलक्या घेतो, हे सगळे एकाच आजाराचे धागे असू शकतात. श्वासाचा उपचार झाला की पुष्कळदा लघवीही थांबते.

उलट बाजूही सांगायला हवी. लघवी कमी होणे हेही लक्षण आहे, आणि आपल्या दक्षिण गुजरातेत तर विशेष. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात पावसाळ्यात भाताच्या आणि उसाच्या शेतांत लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदीर आणि गुरे यांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून माणसाच्या अंगात शिरतात. ताप, पोटऱ्यांत सडकून वेदना, लाल डोळे, कावीळ आणि लघवी कमी होणे अशी चिन्हे दिसली तर एक दिवसही घरी काढू नये. 2006 च्या पुरात आपण सगळेच घाण पाण्यातून चाललो होतो. ते दिवस आठवले की पावसाळ्यात तापाच्या रोग्याला 'लघवी किती झाली?' हे मी अजून पहिल्या पाचांत विचारतो.

आता दुसरा प्रश्न, निरोपाचा. मधुमेह इथे पुन्हा येतो. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात हे सर्वांना माहीत आहे. मूत्राशयाच्या नसाही तशाच बधिर होतात, हे फारसे कोणी सांगत नाही. मग पिशवी भरली तरी कळत नाही. माणूस सकाळी जातो तो थेट दुपारी, आणि 'माझा कंट्रोल चांगला आहे' असे अभिमानाने सांगतो. पिशवी सैल होत जाते, पूर्ण रिकामी होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि शेवटी भरलेल्या टाकीसारखी ती वरून गळू लागते. उपाय साधा आहे. लघवी लागो न लागो, दर तीन-चार तासांनी घड्याळ बघून जायचे, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते हे एकदा सोनोग्राफीत पाहून घ्यायचे.

मणक्याकडे या. कंबरेची गादी सरकून खालच्या नसांवर दाब आला की कधी लघवी अडते. कंबर दुखत असताना जांघेच्या आतल्या बाजूला, आपण सायकलच्या सीटवर बसतो त्या जागेला बधिरपणा आला, पाय लटके पडले किंवा लघवी होईनाशी झाली, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. इथे तास मोजायचे असतात. वेळ गेली तर नसा परत येत नाहीत आणि माणूस जन्मभर नळीवर राहू शकतो. मणक्याचा क्षय आपल्या देशात अजून आहे. पाठदुखी, बारीक ताप, वजन उतरणे आणि मग पाय व लघवी जाणे, ही त्याची चाल. ब-12 जीवनसत्त्व फार कमी झाले तरी कण्याला इजा होते. आपल्यातल्या कट्टर शाकाहारी मंडळींनी ते लक्षात ठेवावे.

मेंदूकडे जाऊ. पक्षाघातानंतर परवानगीचे केंद्र दुखावले की लघवी लागली की लगेच जावे लागते, थांबता येत नाही. यातले कित्येक जण काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतात. तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'आता हे असेच' असे म्हणू नये. आणखी एक आजार आहे, त्यात मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठते. कोलंबियाच्या सालोमोन हाकीम यांनी तो 1965 मध्ये वैद्यकाच्या नजरेत आणला. त्यात तीन गोष्टी होतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, विसराळूपणा आणि लघवीवरचा ताबा सुटणे. तिन्ही 'म्हातारपण' म्हणून खपून जातात. पण हा आजार वेळेत ओळखला तर नळी बसवून पाणी वळवता येते आणि काही माणसे पुन्हा चालू-बोलू लागतात. म्हातारपणाच्या नावावर खपणाऱ्या आजारांतला हा एक बरा होऊ शकणारा आजार. म्हणून तो हुकला की वाईट वाटते.

आणि आता मला माझ्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायची म्हणूनच मी हा विषय घेतला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, एका कापडाच्या पेढीत हिशेबनीस होते. तुमच्यातल्या वयस्कर लोकांना ते आठवत असतील. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर ते बसत आणि व्याख्यान संपले की पहिला प्रश्न त्यांचा असे. सत्तरीनंतर एका वर्षी ते शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसू लागले. मला वाटले, पंख्याखाली बसायला आवडत असेल. पुढच्या वर्षी ते कार्यक्रमांना जायचेच थांबले. "आता ऐकवत नाही फार वेळ," म्हणाले. मी ऐकण्याच्या यंत्राची चौकशी केली. मी फिजिशियन, एकाच घरात राहणारा त्यांचा मुलगा, आणि माझ्या डोक्यात आले ते कान.

मग एकदा आईने हळूच सांगितले की त्यांचे धोतर ओले होते, घरी चादरी तीच धुते. मी त्यांना तज्ज्ञाकडे नेले. सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडे मोठे दिसले. त्या वयाच्या पुष्कळ पुरुषांचे असतेच. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. त्यानंतर मात्र पूर्वी कधीमधी होणारी गळती कायमची झाली. शल्यचिकित्सकांना मी दोष देत नाही. त्यांना जे दाखवले आणि सांगितले गेले, त्यावरून त्यांनी निर्णय घेतला. सांगण्याचे काम माझे होते आणि मी काही विचारलेच नव्हते. वर्षभरात अण्णा उठून उभे राहिले की चक्कर येऊन पडू लागले, बंडीची बटणे लावायला पाव तास लागू लागला. मेंदूच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितले. पार्किन्सनच्या कुळातला आजार, पण असा की ज्यात थरथर नंतर येते, आणि लघवीच्या व रक्तदाबाच्या नसा आधी जातात. अशा रोग्याला प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेने लाभ होण्याचा संभव कमी आणि गळतीचा धोका जास्त.

अण्णा गेल्यावर मी त्यांच्याकडची पुस्तके मंडळाच्या ग्रंथालयात परत करायला आलो. ग्रंथपालांनी जुनी नोंदवही काढली. पानापानांवर अण्णांच्या सह्या होत्या. सुरुवातीला हिशेबनिसाचे ठळक, गोल मराठी अक्षर. मग ते दर काही महिन्यांनी लहान होत गेलेले, शेवटी मुंगीएवढे. अक्षर बारीक होत जाणे हे पार्किन्सनचे पुस्तकातले लक्षण आहे. विद्यार्थ्यांना मी ते शिकवत असे. ते लक्षण शस्त्रक्रियेच्या आधीपासून याच इमारतीतल्या कपाटात लिहून ठेवलेले होते.

आजार ओळखला असता तरी तो बरा झाला नसता. पण ती शस्त्रक्रिया कदाचित टळली असती, आणि मधली दोन वर्षे आपण घाणेरडे झालो आहोत असे समजून ते कोपऱ्यात बसले नसते. एवढेच, पण ते थोडके नाही.

तिसरा प्रश्न दाबाचा आणि औषधांचा. बद्धकोष्ठ हे फार साधे आणि फार दुर्लक्षित कारण आहे. मोठे आतडे भरलेले असले की पुढच्या मूत्राशयाला जागा उरत नाही. लघवी वारंवार लागते किंवा अडते. लहान मुलांत आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांत हे पहिल्यांदा पाहावे. पोट साफ झाले की लघवी सुटली, असे मी कितीदा पाहिले आहे.

औषधांचे म्हणाल तर लग्नसराईच्या थंडीत दर वर्षी एक तरी आजोबा लघवी तुंबून येतात. विचारले की कळते, सर्दी झाली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणली होती. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत दोन द्रव्ये असतात. एक पिशवीचा स्नायू ढिला पाडते, दुसरे तिचे तोंड आवळते. तरुणाला काही होत नाही, पण ज्याचे प्रोस्टेट आधीच मोठे आहे त्याचे दार बंद होते. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे अॅमिट्रिप्टिलिन, कंपवाताच्या काही गोळ्या आणि पोटात मुरडा मारतो म्हणून घेतलेली औषधे यांचाही असा अंमल होतो. तेव्हा डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी वैद्यांच्या पुड्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. मात्र माझे व्याख्यान ऐकून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

चौथा प्रश्न पोचण्याचा, आणि तो वैद्यकापेक्षा घराचा आहे. गुडघे आखडलेल्या आजीला पलंगावरून उठून अंधाऱ्या बोळातून न्हाणीघरापर्यंत जायला चार मिनिटे लागतात आणि तिचे मूत्राशय दोनच मिनिटे थांबते. तिच्या मूत्राशयात काहीही बिघाड नाही. तिला औषधाची गरज नाही. भिंतीला धरायला दांडा, उंच बैठक, रात्रीचा दिवा आणि पलंगाजवळ भांडे पुरते. रात्री घाईने उठून पडण्यात म्हाताऱ्यांची खुब्याची हाडे मोडतात. एका दिव्याने ते वाचू शकते.

बायकांचे तर वेगळेच. माझी आई तापी लाइनच्या गाडीने सुरतेहून जळगावला माहेरी जायची, तेव्हा आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसे. ही सवय तिच्या एकटीची नव्हती. मुंबईत 2011 च्या सुमारास स्त्रियांच्या संघटनांनी सार्वजनिक मुताऱ्यांच्या हक्कासाठी 'राइट टु पी' ही चळवळ उभी केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा अन्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला. नावावरून लोक हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पाणी न पिणे हा उपाय म्हाताऱ्या माणसांत तर उलटा पडतो. बद्धकोष्ठ वाढते, लघवी जळजळते, डोके भ्रमिष्ट होते आणि सुरतेच्या मे महिन्यात माणूस आजारी पडतो. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी आणि चहा कमी करावा, दिवसा मात्र पोटभर प्यावे. दुसऱ्या टोकाला, सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी संपवून मग 'सारखे जावे लागते' म्हणणारेही आहेत. त्यांना मी फक्त तांब्या लहान घ्यायला सांगतो.

मग घरी काय करायचे? तीन दिवसांची एक वही ठेवा. आपण हिशेब ठेवणारी माणसे आहोत, हे अवघड नाही. एक मापाचा प्लास्टिकचा मग घ्या. किती वाजता गेलो, किती मिलिलिटर झाली, काय प्यायलो, कपडे ओले झाले का, एवढेच लिहा. दिवसरात्र मिळून तीन लिटरच्या वर गेली तर साखर आणि रक्ताच्या इतर तपासण्या. एकूण ठीक, पण वयस्कर माणसाच्या एकूण लघवीतली एकतृतीयांशापेक्षा जास्त रात्रीच होत असेल तर हृदय, पाय, झोप आणि गोळ्या पाहायच्या. दर वेळी थोडी थोडी आणि घाईची असेल तर पिशवी आणि तिच्या नसा. लघवीबरोबर चालणे, अक्षर, स्मरण, चक्कर यांत काही बदल झाला असेल तर तेही त्याच वहीत शेवटच्या पानावर लिहा. डॉक्टरला दहा मिनिटांत या वहीइतके दुसरे काहीही सांगत नाही. आणि लघवीत रक्त दिसले, लघवी अजिबात अडली, ताप-थंडी भरून आली किंवा पायांतले बळ गेले, तर वही बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा.

आपण तीन-तीन, चार-चार पिढ्या सुरतेत काढलेली माणसे. बाजारात गुजराती बोलतो, मुलांशी इंग्रजी बोलतो, आणि मराठी सणासुदीला आणि या सभागृहात बोलतो. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना मात्र दुखणे मराठीतच दुखते. नातवाला ते गुजरातीत सांगता येत नाही, डॉक्टरला इंग्रजीत सांगता येत नाही, आणि मराठीत सांगायची लाज वाटते. अशा माणसाला आपण विचारायचे असते. आडून आडून नाही, साध्या शब्दांत. 'रात्री लघवीला किती वेळा उठता?' या एका वाक्याला धैर्य लागते, हे मी माझ्यावरून सांगतो. मला ते पंचवीस वर्षे रोग्यांना विचारता आले आणि बापाला विचारता आले नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती करतो आणि थांबतो. आपल्या सभागृहाच्या स्वच्छतागृहाला कार्यक्रमाच्या वेळी कुलूप असते आणि किल्ली पहारेकऱ्याकडे. किल्ली मागायची म्हणजे आपली लघुशंका चारचौघांत जाहीर करायची. ते कुलूप काढावे. दर तासाला दहा मिनिटे मध्यंतर ठेवावे. वक्त्यांनाही ते बरेच पडेल. आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ कोणी बसलेले दिसले, जो पूर्वी पुढे बसत असे, तर कार्यक्रम संपल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोला. बोलताना मागचा विषय काढायला संकोच वाटला, तर आजच्या व्याख्यानाचे निमित्त करा. त्यासाठीच ते दिले आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. मघापासून तीनचार जण चुळबूळ करताना मला दिसत आहेत. त्यांनी खुशाल उठावे. किल्ली मी सुरुवातीलाच मागून घेतली आहे, दार उघडे आहे.